माजी अध्यक्ष, मान्यवर आणि एक घोडी

संपादकांचं पत्र आलं : 'छापखान्यातल्या नोकरीत आपणांस भेटलेल्या थोर व्यक्तींविषयी लिहावे.' आधीच सांगून टाकतो. थोर व्यक्ती छापखान्यात येत नाहीत. त्यांचा मजकूर येतो, तोही उशिरा येतो, आणि त्यात 'थोर' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं घातलेला असतो. आम्ही तो जुळवायचा, दोनदा वाचायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सोडलं तर बाकीचं मला बरं जमलं.

मी जुळारी. खणाखणांच्या लाकडी पेटीतून शिशाचा एकेक खिळा उचलायचा, हातातल्या पट्टीत लावायचा, ओळ भरली की पुढची ओळ. शिशावर अक्षर उलटं असतं, कागदावर सुलट उमटतं. सहा महिन्यांत जुळारी उलटं वाचायला शिकतो आणि मग त्याला वाटायला लागतं, की जगात जे जे उलटं चाललंय ते आपल्या एकट्यालाच वाचता येतं. हा आमच्या धंद्यातला आजार आहे. मला तो जोरात झाला होता. दिवसा लग्नपत्रिका आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिनांच्या पावत्या जुळवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी नगरपालिकेच्या गटारांवर पत्रकं काढायची, असा माझा कार्यक्रम होता. मी मराठी लिहायला शिकलो तो या पत्रकांवर. पत्रक वाचणारा माणूस उभा असतो आणि त्याला घरी जायचं असतं, म्हणून पहिल्याच वाक्यात त्याची कॉलर धरावी लागते. ही सवय अजून गेलेली नाही. वाचकांनी कॉलर सांभाळावी.

गावाचं नाव मी घालत नाही. नंदुरबारहून मिरचीची पोती भरून मालगाडी निघते, ती आमच्यावरून जाते. गाव शिंकायला लागलं की गाडी गेली असं समजायचं. तीन जिनांची तीन धुराडी, एक गठाणी बांधायचा कारखाना, एक नगरपालिका, आणि आप्पांचा छापखाना.

आप्पा म्हणजे माझे मालक. देवभोळे, काटकसरी, आणि कुणालाही दुखवायचं नाही या एका तत्त्वावर तीस वर्षं छापखाना चालवलेले. त्यांच्याकडे चित्रांचे मोजून पाच ब्लॉक होते. ब्लॉक म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकलेला जस्ताचा पत्रा, त्यावर चित्र उलटं कोरलेलं. एक गणपती, एक कलश, एक बैलजोडी, एक सर्कशीची घोडी, आणि एक पागोटेवाले गृहस्थ. हे गृहस्थ कोण हे आप्पांनाही ठाऊक नव्हतं. गावात कुणी प्रतिष्ठित वारला आणि घरात फोटो नसला, की दुखवट्याच्या पत्रकावर हेच गृहस्थ जायचे. माझ्या हातून ते सात वेळा वारले. एकदाही कुणी तक्रार केली नाही. एका मुलानं तर, "बाबांचा हा फोटो आमच्याकडे कसा नाही?" म्हणून डोळे पुसले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. गावाला चेहरा नको असतो, पागोटं हवं असतं.

एके दिवशी नगरपालिकेचे अध्यक्ष नथ्थूशेठ स्वतः छापखान्यात आले. शेठचं एक जिन होतं. त्या जिनाची यंत्रं विकणाऱ्या मुंबईच्या एजंटानं त्यांना एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक भेट दिलं होतं. अमेरिकेतल्या एका कारखान्यांच्या शहराच्या नगरपालिकेनं काढलेलं. पोलादाच्या भट्ट्या, धुराडी, नदीवर पूल, आणि मग पानोपानी त्या शहराचे आजवरचे सगळे महापौर आणि नामांकित नागरिक, प्रत्येकाचं अंडाकृती चौकटीत चित्र.

शेठनी पुस्तक दगडावर आपटलं. आमच्याकडे पानं बांधायची ती सपाट फरशी असते, तिला दगड म्हणतात.

"हे असं आपलं पाहिजे. आपलंही कारखान्यांचंच शहर आहे. धुराडी त्यांचीही, धुराडी आपलीही."

"आपली तीन आहेत शेठ," मी म्हणालो.

"तू मोजत बैस. आप्पा, हुबेहूब असं. केसाचाही फरक नको. दिवाळीला नगरभवनाचं उद्घाटन आहे. भिंतीवर सगळ्या माजी अध्यक्षांच्या तैलतसबिरी लागणार आणि त्याच दिवशी पुस्तक वाटणार. इंग्रजी कुणाला येतं इथं?"

येत होतं मला. आप्पांनी डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं, पण हात मी आधीच वर केला होता. शेठ हसले. "पत्रकवाला! बरंच झालं. शिव्या देणाऱ्याला काम दिलं की तोंड कामात राहतं."

मी ते पुस्तक घरी नेऊन वाचलं आणि माझी झोपच उडाली. शेठनी फक्त चित्रं पाहिली होती. मजकूर असा : पहिले महापौर लोहार होते, सही करताना त्यांची जीभ बाहेर यायची. तिसरे महापौर दारूचा गुत्ता चालवत. त्यांच्या कारकिर्दीत शहरात एकच रस्ता फरसबंद झाला आणि तो त्यांच्या गुत्त्यापाशी संपला. सहाव्यांना पुलाच्या कंत्राटावरून पायउतार व्हावं लागलं. चार वर्षांनी लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, 'एकतर क्षमा केली म्हणून, किंवा विसरले म्हणून.' हे नगरपालिकेनं स्वखर्चानं छापलेलं! आणि नामांकित नागरिकांत कोण? संपाच्या वेळी भट्टीवाल्यांच्या पोरांना जेवू घालणारी एक धोबीण. चाळीस वर्षं कारखान्याचा भोंगा वाजवणारा एक माणूस. आणि आगीच्या बंबाला जुंपलेला एक घोडा, ज्याला आगीचा वास आधी यायचा. घोड्यालासुद्धा अंडाकृती चौकट.

शेठ म्हणाले होते हुबेहूब. अध्यक्षांचा हुकूम! मी केसाचाही फरक करणार नव्हतो.

आमच्या माजी अध्यक्षांची माहिती मी त्याच तालावर लिहून काढली. 'दुसरे अध्यक्ष : यांनी गावात नळ आणण्याची योजना मांडली. नळ आले. पाणी यांच्यानंतर आले.' 'चौथे अध्यक्ष : सभेत अकरा वर्षे एकही शब्द बोलले नाहीत, बाराव्या वर्षी खिडकी लावायला सांगितली.' आप्पांनी हे वाचलं आणि पाण्याचा तांब्या मागवला.

"अरे, ते जिवंत आहेत! खिडकीवाले जिवंत आहेत! रोज संध्याकाळी समोरून फिरायला जातात!"

"अमेरिकेत असंच आहे आप्पा."

"अमेरिकेतले समोरून जात नाहीत!"

पहिल्या अध्यक्षांचं नाव दयारामबापू. वारून वीस वर्षं झालेली. गावाचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष, म्हणून भलताच मान. यांच्याच वेळी गावात प्लेग आला. त्या काळी प्लेग आला की गाव रिकामं करून लोक शेतात झोपड्या बांधून राहत. बापू शेतातही राहिले नाहीत. सगळ्यांच्या आधी त्यांनी सुरत गाठली आणि शेवटचा उंदीर मरेपर्यंत ते परत आले नाहीत. गावात उरला नगरपालिकेचा दिवे लावणारा. जात्र्या त्याचं नाव.

जात्र्याबाबा तेव्हा वीस-बावीस वर्षांचा. सातपुड्यातला, नर्मदेकाठच्या मणिबेलीकडचा भिल्ल, कामासाठी खाली आलेला. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि थांब म्हणालं नाही. म्हणून तो दर संध्याकाळी शिडी खांद्यावर घेऊन निघायचा आणि रिकाम्या गावातले सगळे घासलेटचे दिवे लावायचा. दिवे दिसले की चोरांना वाटायचं गावात माणसं आहेत. गाव परतलं तेव्हा एकाही घराचं कुलूप तुटलेलं नव्हतं. दिवसा तो, आजारामुळे मागं राहिलेल्यांची प्रेतं वाहायचा. हे मला गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं, आणि प्रत्येकानं ते असं सांगितलं, जणू आपल्या कुलपाची करामत सांगतोय.

मी जात्र्याबाबाला भेटलो तेव्हा तो साठीच्या घरात होता. हमरस्त्यावर आता किटसनच्या मोठ्या बत्त्या आल्या होत्या, त्या पेटवायला सुरतेहून शिकलेला माणूस होता, आणि जात्र्याबाबाला कामावरून कायमची रजा मिळाली होती. तो राहायचा दिव्यांच्या जुन्या कोठीत : काचा, वाती, घासलेटचे डबे ठेवायची ती एक खोली. तीच नेमकी नव्या नगरभवनाच्या दारात येत होती. नकाशात तिथे कारंजं होतं, अमेरिकेच्या पुस्तकातल्यासारखं. दिवाळी झाली की खोली पाडायची, असा ठराव झालेला.

"मी कोठे जासू भाऊ?" त्यानं मला विचारलं. "डोंगरमा मन्हं आते कोन शे? चाळीस वरीस व्हयनात."

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं उलटं वाचता येत होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाबा, पुस्तकात तुमचं पान येणार. फोटोसकट. गावाचे नामांकित नागरिक म्हणून नगरपालिकेनंच छापल्यावर तुमची खोली पाडायची कुणाची हिंमत होणार नाही. माझा शब्द."

"तुन्हा शब्द," तो म्हणाला, "शिसाना का कागदना?"

फोटोसाठी शेठनी सुरतेहून फोटोवाला आणवला. त्याच्याजवळ एक काळा कोट, एक जरीकाठी पागोटं आणि एक नक्षीची खुर्ची होती. जो येईल त्याला तो हाच कोट चढवायचा, हेच पागोटं ठेवायचा, याच खुर्चीत बसवायचा. दोन दिवसांत त्यानं गावातली सगळी प्रतिष्ठा त्या एका कोटात घालून काढली. कोट लठ्ठांना पुढून लागत नसे, म्हणून हात पोटावर ठेवायला लावी. बारक्यांना मागून टाचण्या मारी. ब्राह्मणपुरीचे एक पाटील खास बैलगाडी जुंपून आले. त्यांचं गाव वेगळं, तालुका वेगळा. मी म्हणालो, "दादा, तुम्ही इथले नागरिक नाहीत." ते म्हणाले, "पन कापूस मी आठेच इकस ना?" आणि इथं विकतो तो इथला, या हिशेबानं पागोटं घालून बसलेसुद्धा.

दयारामबापूंचा फोटो नव्हताच. त्यांच्या काळी फोटो काढला की आयुष्य घटतं अशी समजूत होती. घरच्यांनी तोड काढली : त्यांचे धाकटे चुलतभाऊ काशीरामकाका दिसायला बापूंसारखेच, तेव्हा त्यांनाच कोटात बसवायचं. काका बापूंपेक्षाही रुबाबात बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी मी जात्र्याबाबाला नेलं. फोटोवाल्यानं नाक मुरडलं, पण मी पत्रक काढीन म्हटल्यावर कोट दिला. पागोटं घालून बाबा खुर्चीत बसला, पांढऱ्या मिशांवरून हात फिरवला आणि कॅमेऱ्याकडे असं पाहिलं, की फोटोवाला नकळत म्हणाला, "साहेब, जरा मान वर."

फोटो मुंबईला गेले, ब्लॉक होऊन आले. सगळे एकाच मापाचे. शेठ मजकूर पाहायला आले. माजी अध्यक्षांचं सगळं त्यांनी निळ्या पेन्सिलीनं उडवलं आणि प्रत्येकापुढे 'लोकप्रिय, उदार व दूरदृष्टीचे' एवढंच ठेवलं. ते मी कसंबसं गिळलं. मग ते जात्र्याबाबाच्या पानावर आले.

"हे कोण?"

"दिवे लावणारा. प्लेगात—"

"दिवे लावणारा मान्यवर? उद्या झाडूवाला येईल, परवा पखालवाला येईल."

"येऊ द्या की! शेठ, तुम्हीच म्हणालात हुबेहूब. त्या पुस्तकात भोंगा वाजवणाऱ्याला पान आहे. धोबिणीला आहे. घोड्याला आहे!"

"घोड्याला?" शेठ थांबले. मी पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून घोडा नीट पाहिला. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की मला वाटलं जिंकलो.

"मग आपणही घोडा घालू," ते म्हणाले. "माझी घोडी आहे ना, चंद्रा. जात्रेत दोनदा पहिली आली. त्या दिवेवाल्याचं पान काढ आणि चंद्राचं घाल."

चंद्राचा फोटो नव्हता. आप्पांनी हळूच सर्कशीच्या घोडीचा ब्लॉक पुढे केला. तिच्या पाठीवर एक बाई एका पायावर उभी होती, ती कानशीनं घासून काढायला मला सांगितलं.

मी घासली. त्या दिवशी मी जे जे हातात घेतलं ते रागानं घेतलं. जात्र्याबाबाच्या पानाची दोरी सोडली, त्याचा ब्लॉक उपसून दगडावर आपटला. तिथे दुसरे ब्लॉक पडलेलेच होते. त्यांतून पहिल्या पानाचा ब्लॉक उचलला, चौकटीत बसवला, पाचर ठोकली. दयारामबापू, प्रथम अध्यक्ष, लोकप्रिय, उदार व दूरदृष्टीचे. प्रूफ काढलं, त्यातला शब्द न् शब्द वाचला आणि दात खात सही केली. नवशिक्या जुळाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे : भुकेल्या पोटी प्रूफ वाचलं तर चालेल, रागावून वाचू नये. भुकेला माणूस अक्षरं तरी गिळतो. रागावलेला फक्त आपलाच मजकूर वाचत असतो.

त्या संध्याकाळी मी कोठीत जाऊन बाबाला सांगितलं, की पान गेलं. कुणासाठी गेलं तेही सांगितलं.

"घोडीसाठे?" तो म्हणाला. बराच वेळ वात नीट करत राहिला. मग म्हणाला, "चांगली घोडी शे पन ती." त्याला हसू येत होतं. मला ते सहन झालं नाही, मी निघून आलो.

फोटोवाला सुरतेला परतला होता, म्हणून तसबिरी रंगवणाऱ्या नंदुरबारच्या पेंटरला शेठनी पुस्तकाचे छापील फर्मे, म्हणजे न शिवलेली पानंच दिली. तो नाटकांचे पडदे रंगवायचा. त्यानं प्रत्येकाचे गाल गुलाबी केले आणि पागोट्याला खरा सोनेरी रंग दिला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. खुर्च्या, पताका, बँड. ब्राह्मणपुरीचे पाटील पहिल्या रांगेत. दयारामबापूंच्या तसबिरीवरचा पडदा त्यांच्या वृद्ध पत्नीच्या हातून सारायचा होता. मोठी माय म्हणत त्यांना सगळे. दोघी सुनांनी धरून आणलं, पडदा सरला आणि मोठी माय थबकली. तसबिरीकडे पाहत राहिली. मग पुढे होऊन तिनं कुंकू लावलं, हार घातला आणि पायांच्या जागी, म्हणजे चौकटीच्या खालच्या पट्टीवर, डोकं टेकलं.

"हाईच नजर व्हती त्यास्नी," ती म्हणाली. "तोंड वर करीसन मी कधी दखं नही. पन आशीच नजर व्हती."

सगळ्यांचे डोळे पाणावले. काशीरामकाका पुढे झाले. बापूंच्या जागी स्वतः बसले होते ते हेच. त्यांनी तसबीर बारकाईनं पाहिली आणि समाधानानं मान हलवली. "फोटोवाल्यानं हात चांगला फिरवलाय. मी एवढा भारदस्त नाही."

मी मागे दाराशी उभा होतो. शेजारी जात्र्याबाबा येऊन उभा राहिला होता, धोतर आणि बंडीत. त्यानं माझी बाही ओढली.

"भाऊ. तो मी शे."

"कोण?"

"तो वर. हार घाला तो. कोट मन्हा नही, पन तोंड मन्हं शे."

मी पाहिलं. गुलाबी गालांच्या मागं, सोनेरी पागोट्याखाली, जात्र्याबाबा होता. रिकाम्या गावात दिवे लावणारा माणूस, आणि खाली सोनेरी अक्षरांत नाव, जो सुरतेला पळाला त्याचं. मी केलं होतं हे. माझ्या हातानं, माझ्या रागानं.

आणि त्या भरल्या सभेत एकालाही कळलं नाही. कसं कळणार? चाळीस वर्षं तो माणूस शिडीवर होता. गावानं त्याचे पायच पाहिले होते.

मी बाबाला म्हणालो, "आजच पत्रक काढतो! गाव हादरेल!" छापखान्यात धावलो, आप्पा सभेत होते, आणि मी जुळवायला बसलो. 'नागरिकहो, तुम्ही कुणाच्या पाया पडलात?' याच्याइतकं फक्कड पहिलं वाक्य मी ना त्याआधी लिहिलं, ना त्यानंतर. अर्धं पत्रक जुळलं तेव्हा बाबा दारात आला.

"काय करी ऱ्हायना?"

मी वाचून दाखवलं. तो उंबऱ्यावर बसला.

"मंग त्या फोटो काढी टाकतीन."

"काढतीलच!"

"नी मन्ही खोली?"

मी हातातली पट्टी खाली ठेवली.

"तू माले शब्द दिन्हा व्हता, खोली ऱ्हाई," तो म्हणाला. "आते तो शब्द तसाच पडेल शे. तुन्हा कागद चांगला शे भाऊ. पन पाऊस उना ते कागदखाले मी झोपू का?" मग उठला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. सकाय मन्हासंगे ये. बोलू नको पन. काहीच बोलू नको."

मला आयुष्यात इतकं कठीण काम कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नगरभवनात गेलो. बाबाच्या खांद्यावर त्याची जुनी शिडी होती. नथ्थूशेठ तसबिरींखाली नव्या खुर्चीत बसले होते, समोर कारंज्याचा नकाशा.

"शेठ," बाबा म्हणाला, "मी खोली सोडी देस. आज सोडी देस. मन्हं सामान थोडंच शे. दोन डबा, एक कांबळं." आणि तो शिडी भिंतीला लावू लागला. "नी मन्हा फोटो. तो लई जास."

"कोणता फोटो?"

बाबा एकेक पायरी चढला. शेठ नेहमीप्रमाणे त्याच्या पायांकडे बघत होते. वर पोचल्यावर तो वळला आणि दयारामबापूंच्या तसबिरीला गाल लावून उभा राहिला. तसबिरीत पाहिलं होतं तसंच त्यानं शेठकडे पाहिलं. दोन चेहरे, एक मिशी.

शेठची नजर वर गेली. खाली आली. पुन्हा वर गेली. त्यांनी नकाशाची सुरळी केली, ती उलगडली, पुन्हा केली. आणि मग ते अध्यक्षांची मराठी सोडून घरच्या बोलीवर आले.

"उतर! अरे बाप, उतर! कोनी दखीन!"

"फोटो काढू का?"

"हात नको लावू! मोठी मायनी कुंकू लायेल शे त्याले!" ते माझ्याकडे फिरले. "हे तुझं काम! पत्रक काढलंस?"

मी बोललो नाही. बाबानं बजावलं होतं. माझ्या गप्प बसण्यानं ते जास्तच घाबरले. मी बोललो असतो तर त्यांनी उलट शिव्या दिल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. मी गप्प आहे म्हणजे पत्रक नक्की जुळवलेलं आहे, हे त्यांनी ओळखलं.

"तुले काय पाहिजे?" त्यांनी शिडीवरच्या माणसाला विचारलं.

"माले काही नको," बाबा वरूनच म्हणाला. "पन फोटोपुढे दिवा लागस. रोज. त्याले मानूस लागी ना? मानूस लागी ते खोलीबी लागी, ना?"

अशा रीतीनं नगरभवनाला दिवा लावणारा नेमला गेला, राहण्याची सोय जागेवरच. कारंजं चार हात उजवीकडे सरकलं आणि मग कधी झालंच नाही. मी छापखान्यात परत जाऊन जुळवलेलं पत्रक मोडलं. मोडणं म्हणजे एकेक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकणं. जुळवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा. त्या दिवशी मला दुप्पट लागला. त्या अमेरिकेतल्या शहरात भोंगा वाजवणाऱ्याच्या चित्राखाली भोंगा वाजवणाऱ्याचंच नाव होतं. मी दिलं ते काय? एकाचा चेहरा, दुसऱ्याचं नाव, आणि बाबाच्या पानावर घोडी.

बाबाला मात्र त्याचं काही नव्हतं. रोज दिवेलागणीला तो काच राखेनं घासायचा, वात लावायचा आणि आपल्याच तसबिरीपुढे दिवा ठेवायचा. हात जोडायचा नाही. मोठी माय दर पुण्यतिथीला नैवेद्याचं ताट पाठवी. ते तसबिरीला दाखवून बाबाच्या खोलीत जाई. "बापूना शिरा चांगला व्हता," तो मला सांगायचा.

गेल्या पावसाळ्यात जात्र्याबाबा गेला, त्याच खोलीत, न गळणाऱ्या छपराखाली. मी सकाळी नथ्थूशेठकडे गेलो आणि म्हणालो, "आज कचेरीला अर्धी सुट्टी द्या."

"दिवेवाल्यासाठी? तसा नियम नाही. अर्धी सुट्टी फक्त माजी अध्यक्षांना."

मी काही बोललो नाही. एव्हाना मला ते जमायला लागलं होतं. मी फक्त भिंतीकडे वर पाहिलं. शेठनी माझ्या नजरेमागून पाहिलं. मग कारकुनाला हाक मारली.

"अर्धी सुट्टी लिही."

"कारण, शेठ?"

"माजी अध्यक्षांचं निधन."

"कुठल्या?"

"तू लिही रे!"

फळ्यावर लावायची सूचना मीच जुळवली. त्या दुपारी गावात नुसती धांदल. कोण गेलं कुणालाच कळेना. लोक पांढरी टोपी घालून एकेका माजी अध्यक्षाच्या दारी जाऊ लागले. खिडकीवाले नुकते जेवायला बसले होते, दारात पंचवीस माणसं मान खाली घालून उभी पाहिल्यावर त्यांनी गावासमोर दुसरं वाक्य उच्चारलं : "मी आहे अजून." नळ आणणारे अध्यक्ष तर पुन्हा पुन्हा ओट्यावर येऊन उभे राहत होते. चौकशी करून दमलेले लोक शेवटी सगळे नगरभवनापाशी जमले, आणि तिथून जात्र्याबाबाला नेत होते, तेव्हा आलोच आहोत तर म्हणून मागोमाग चालू लागले. गावात एवढी मोठी अंत्ययात्रा मी तरी पाहिलेली नाही. मोठी मायनं घरून हार पाठवला होता. तसबिरीसाठी की कुणासाठी, हे सुनेनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता खोली रिकामी आहे, म्हणून लिहितो. दयारामबापूंच्या घरच्यांनी रागवायचं तर माझ्यावर रागवावं. ब्लॉक मी बसवला. तुम्ही कधी आमच्या गावात उतरलात, तर नगरभवनात पहिली तसबीर बघा. नाव वाचू नका. त्यांचं नाव जात्र्या.